सहा कोटी वर्षांचा मासा

हसू नको तर काय करू, भामरे सर? तुम्हीच सांगा. विज्ञानाचा सर माझ्यासारख्या मूर्त्या करणाऱ्या बाईकडे मासा घेऊन येतो आणि विचारतो — रुक्माबाई, हा दगड आहे का बघा जरा! बसा, बसा. अहो त्या गोणीवर नका, तिच्यात प्लास्टर आहे, पँट पांढरी होईल आणि घरी वहिनी मला बोलतील. स्टूल घ्या. गणपती गेले, आता पोरी गाणी म्हणत बसवतात त्या गुलाबाईच्या मूर्त्यांची घाई चाललीय, बठ्ठा कारखाना ओला आहे, एक कोपरा कोरडा नाही, पण तुमच्यासाठी हात धुतले बघा मी. आणा इकडे. माय वं! केवढा नटवलाय. आणि हे कोण घालतं त्याच्यावर, लोकरीचं? तुमच्या शाळेतल्या बाईंनी विणून दिलं? माशाला थंडी वाजते का सर देवपुरात?

कागदपण आलाय सोबत? वाचा ना, वाचा. 'सहा कोटी वर्षांपूर्वीचा अस्सल जीवाश्म' — खाली गोल शिक्का. वा! सहा कोटी वर्षं थांबला बिचारा आणि मग पोस्टानं, व्हीपीनं आला. पेपरात त्या कुठल्या भांडाराची जाहिरात वाचली, मागवला, काचेच्या पेटीत ठेवला, इथवर ठीक. पण संस्थेच्या अध्यक्षांना बोलवून त्याला हार घालायचं कोणी सांगितलं? कुंकू लावलं — हो, हे काय, नाकावर अजून लाल आहे — आणि त्याच्यासमोर नारळ फोडला! हेडमास्तरांची कल्पना? देव त्यांचं भलं करो. नारळाचं पाणी उडालं म्हणून तरी उघडं पडलं, नाहीतर पन्नास वर्षं पोरं नमस्कार करून गेली असती. पाणी पडलं, शेपटी पांढरी झाली, आणि पोरं ओरडली — 'सर, मासा विरघळतोय!' अध्यक्षांसमोर! थांबा, थांबा, मला हसून घेऊ द्या. बरं, आता नाही हसत. पदर तोंडावर धरते, मग तर झालं?

हे बघा, तुम्ही पुस्तकं वाचून जे केलं नाही ते मी इथंच करून दाखवते. गालाला लावा. लावा हो, लाजता काय. दगड असता तर गार लागला असता आणि गारच राहिला असता. हा तर लगेच कोमट झाला, तुमच्या गालाएवढा. आता नखानं वाजवा. बद्द. भाकरी वाजते तसा वाजतो. पाटा वाजवा बरं तो तिकडचा — ऐकलंत? हा पाठीमागून बघा, कसा सपाट. फळी फिरवलीय त्याच्यावर, ओलं असताना. कोणत्या नदीच्या तळाशी सहा कोटी वर्षांपूर्वी फळी फिरवत होते सर? ही बारीक बारीक भोकं — हवेचे बुडबुडे. साचा हलवला नाही ओतताना, आळस केला. जीभ लावते. शी, असं तोंड काय करता, आमचा धंदाच हा. चिकटली बघा जिभेला, पाणी ओढतंय मेलं. आणि रंग — काव आहे नुसती, लाल मातीची, वरून चहाच्या पाण्याचा हात मारलाय. चहा! आणि आता कळस बघा — ही शेपटीची कड उडालीय ना, तिथून काय बाहेर आलंय? ओढा. काथ्या. नारळाचा काथ्या, सर! प्लास्टर फुटू नये म्हणून आम्ही घालतो तो. गणपतीच्या सोंडेत असतो तो माशाच्या शेपटीत निघाला. आणि हे काटे! एक मोडलेला नाही, एक सरकलेला नाही, फणीसारखे ओळीनं. अहो बाजारातून आणलेला मासा घरी येईपर्यंत वाकडा होतो, आणि ह्याच्या अंगावर डोंगर पडला तरी हा सरळ!

तुमचं तोंड उतरलं. नका उतरवू. फसतं माणूस. कळलं मला, हेडमास्तर म्हणतात 'भामरे, तुम्हीच मागवला, तुम्हीच निस्तरा,' आणि स्टाफरूममध्ये सगळे तुम्हाला मासेवाले सर म्हणतात. कोणी सांगितलं म्हणजे? माझ्याकडे गणपती न्यायला येतातच ना तुमचे लोक. तर तुम्ही तक्रार घेऊन गेलात तेव्हा फौजदार काय म्हणाला? जाणकार माणसाची सही आणा, वस्तू बनावट आहे म्हणून, की गाडी पाठवतो. भांडारवाल्यालाही उचलतो आणि घडवणाऱ्यालाही उचलतो. मग झालं तर! आणा तो कागद. चौथी पास आहे मी, अंगठा नाही उठवत. रुक्माबाई, मूर्तिकार, धुळे — ठसठशीत लिहिते. उचलायलाच पाहिजेत असले लोक. आम्ही प्लास्टरचा गणपती करतो, पण प्लास्टरचा म्हणूनच देतो ना? आणि हा भामटा पोरांच्या शाळेला फसवतो. त्याच्याआधी घडवणाऱ्याला उचला म्हणावं, त्याच्या हातात कला आहे आणि त्यानं ती गटारात घातली. पेन द्या.

आणि ते राहिलंच — डोळा! डोळा बघितलात का? अहो, त्याला बाहुली काढलीय! बाहुली, तिच्यात पांढरा ठिपका, वर पापणी. मेलेल्या माशाला! मेल्यावर सगळ्यात आधी डोळा जातो सर, खोबण राहते फक्त, आणि हा आपला बघतोय टकामका. आता सांगते, हा दगडफोड्या नाही आणि शिल्पकार नाही, हा मूर्तीवालाच आहे. आमच्यातलाच. आमचा हात थांबतच नाही. मूर्ती झाली की डोळ्यांची आखणी, आखणी झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही — तशी सवयच लागते हाताला. मालकानं सांगितलं असेल मासा कर, केला; आणि मग त्याच्याच्यानं राहवलं नाही, घेतला कुंचला आणि काढला डोळा. गाढव कुठला! सगळी लबाडी केली आणि शेवटी —

थांबा.

जरा उजेडात धरते. काही नाही. म्हटलं, थांबा ना. ही वरची रेघ — तुम्ही बघा, तुम्हाला दिसतं का. कुंचला टेकतो तिथं रेघ जाड असते आणि उचलतो तिथं बारीक. माझी बघा, ह्या गुलाबाईची: डावीकडं जाड, उजवीकडं बारीक. सगळ्यांची तशीच असते. आणि ह्याची उलटी आहे. उजवीकडून काढत आणलीय. म्हणजे डाव्या हाताचं काम. असतील, डावखुरे खूप असतील, जळगावात असतील, नाशकात असतील, त्यात काय एवढं. पण खाली ही केसाएवढी रेघ आहे ना, खालच्या पापणीला, अर्धीच काढून सोडलेली...

पार्सल कुठून आलं म्हणालात? तुम्ही भांडार, भांडार म्हणताय मघापासून, गाव सांगितलंच नाही. कापड आहे का त्याचं? वाचा. मला चष्मा नाही सापडत. वाचा हो.

एदलाबाद.

नाही, ओळखीचं कोण असणार. सुनेचं माहेर आहे तिथं. हो, सून होती ना मला, तुम्हाला माहीत नाही, तुम्ही तेव्हा बदलून आला नव्हतात. माझ्या अभिमनची बायको, बेबाबाई. अभिमन कावीळीनं गेला, त्यानंतर दोन वर्षं होती माझ्याजवळ, मग गेली माहेरी. स्वतःच्या मर्जीनं गेली. शिवणकाम करते म्हणे, चांगलं चाललंय म्हणे तिचं — म्हणजे मीच सांगते लोकांना असं. कोणी विचारलं की शिवणकाम सांगते. चार वर्षं झाली, मला काय ठाऊक ती काय करते! मी कुठं गेले विचारायला?

डावखुरी होती. नवी आली तेव्हा मी म्हणायची, देवाचे डोळे डाव्या हातानं काढतात का गं? तर म्हणाली, 'आत्याबाई, मना हात असाच शे, काय करू?' मी कुंचला उजव्या हातात दिला, तर गणपती चकणा झाला, अभिमन हसून हसून लोळला. मग ठेवला डावाच. आणि सर, खोटं कशाला बोलू, काय डोळा काढायची! मी तीस वर्षं आखणी करते, माझी गुलाबाई देवीसारखी दिसते. तिची गुलाबाई माहेरी आलेल्या लेकीसारखी दिसायची. ती खालची अर्धी रेघ असायची ना, त्यानं. मी नव्हती शिकवली ती रेघ. कुठून आणली कोण जाणे.

बायका यायच्या देवपुरातून, पोरींना घेऊन. पार्वताबाई म्हणून होत्या एक, त्या माझ्यासमोर, माझ्याच कारखान्यात, माझ्या हातात मूर्ती असताना म्हणाल्या — 'ही नको, तुमच्या सुनेनं आखलेली द्या.' मी दिली. हसून दिली. आणि त्या गेल्यावर ओलं फडकं घेतलं आणि ओळीनं तिनं आखलेल्या बावीस गुलाबाया पुसून काढल्या. बावीस. डोळे नुसते वाहत होते त्यांचे, काळे. बेबा तिथंच उभी होती. मग लोकांना कारण काय सांगायचं? तर म्हटलं, विधवेचा हात, त्यातून डावा, देवाला चालत नाही. मोठ्यानं म्हटलं, शेजारी ऐकतील असं. आणि मी कोण सवाष्ण लागून गेले होते? अभिमनचे वडील जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती! कोणी नाही विचारलं मला. तीपण नाही बोलली. कुंचले धुतले, पुसून माझ्या डब्यात ठेवले, एकपण नाही नेला, आणि गाठोडं घेऊन गेली. तिनं भांडायला पाहिजे होतं हो. चार शिव्या द्यायला पाहिजे होत्या मला.

आणि आता हे करते. मासे करते. कोणाच्या तरी पडवीत बसून, चहाचं पाणी फासून. मी म्हटलं ना मघाशी, हातात कला आहे आणि गटारात घातली? तिनं नाही घातली.

काय? सही? कसली सही? नाही करत. म्हणाले असेन, आता नाही म्हणते. मला काय कळतं जीवाश्मातलं? मी चौथी पास बाई. जाणकार पाहिजे तर कॉलेजात जा, पुण्याला जा. असं बघू नका माझ्याकडे, सर. तुमची नोकरी जाणार नाही, चार दिवस मासेवाले म्हणतील, मग विसरतील. पण फौजदाराची गाडी एदलाबादला गेली ना, तर भांडारवाला सुटेल, असले लोक सुटतातच, आणि गावासमोर गाडीत बसवतील ते तिला. माझ्या सहीवर. नाही, एकदा झालं तेवढं पुरे झालं. फाडत नाही कागद, सरकारी दिसतो. घ्या, खिशात ठेवा.

ऐका, रडकुंडीला येऊ नका. मी तुम्हाला दुसरा करून देते. आठ दिवसांत. खरा दगड घेते, सुकदेव पाथरवटाकडून फरशी आणते, तिच्यावर कोरते, काटे मोडके, सरकलेले, आणि डोळ्याच्या जागी नुसती खोबण. आणि खाली पाटी लावा — 'जीवाश्म कसा असतो, त्याचा नमुना. करणार रुक्माबाई, धुळे.' खरं काय ते लिहा. पोरांना हा सगळा प्रकार सांगा, काथ्यासकट, नारळासकट. जन्मात फसणार नाहीत परत. हेडमास्तरांना म्हणावं, हा फुटला. म्हातारीच्या हातून पडला. माझ्यावर घाला.

नाही, हा नाही देणार परत. हा राहू द्या इथं. ओढू नका ना सर, खरंच फुटेल! सोडा. हं.

ते पार्सलचं कापडही ठेवा, पत्ता आहे त्याच्यावर. एसटी कुठून जाते हो एदलाबादला? जळगावला बदलायची की भुसावळला? नाही, मी कुठं जातेय, गुलाबाया पडल्यात बघा एवढ्या. सहज विचारलं. जा तुम्ही, शाळा भरली असेल. दार ओढून घ्या जाताना.