गवती कशानं संपली

धाकटा : हातमोजे कशाला? कागद आणलाय, साप नाही.

ताई : कागदासाठी नाही म्हणत. तू हात टेकलायस ना, तिथं सकाळी पक्षी मांडले होते. जुन्या कातड्यांना सोमल चोळलेला असतो, विष आहे ते. हातमोजे घाल, नाहीतर हात खिशात ठेव.

धाकटा : म्हणजे आजोबांनी उभारलेल्या संग्रहालयात त्यांच्या नातवानं खिशात हात घालून उभं राहायचं. वा.

ताई : नातवानं यायच्या आधी फोन करायचा.

धाकटा : तू उचलतेस? परवा नगरभवनात ते भाषण ठोकलंस, तेव्हापासून अकरा फोन केले मी. आईचे वेगळे. ती दोन दिवस जेवली नाहीये.

ताई : आई रागावली की जेवत नाही, आणि दुपारी सगळे झोपले की फ्रीज रिकामा करते. ते पाप माझ्या माथी नको मारूस. काय कागद आहे?

धाकटा : तीन ओळी आहेत. 'परवाच्या भाषणातली माझी विधानं वैयक्तिक होती. त्यांना अभ्यासाचा आधार नाही. कुणाचं मन दुखावलं असल्यास मी दिलगीर आहे.' खाली सही, तारीख.

ताई : तुझी परवाना कचेरी आता हेही करते? लोकांचे माफीनामे टंकून घरपोच देते?

धाकटा : कचेरी नाही, मी. भाऊ म्हणून आलोय.

ताई : भावाच्या गळ्यात कचेरीचं ओळखपत्र आहे.

धाकटा : ताई, उद्या अकराला विधेयक समितीपुढे जातंय. बाहेरून आलेल्या प्रत्येकाची पुन्हा परीक्षा, जो नापास होईल त्यानं सहा महिन्यांत निघायचं. मंत्र्यांचं भाषण कसं सुरू होतं ते शेंबडं पोर सांगेल. 'गवतीचं जे झालं, ते आम्ही आमचं होऊ देणार नाही.' आणि नेमकं त्याच आठवड्यात गवती पक्ष्यावर पुस्तक लिहिणाऱ्या आजोबांची सख्खी नात व्यासपीठावर चढून सांगते, की गवती बाहेरच्यांनी संपवली नाही, आजोबांनी संपवली! माझी काय शोभा झाली असेल कचेरीत? वरचे साहेब मला म्हणाले, घर सांभाळता येत नाही तुम्हाला?

ताई : मी घर नाही. मी नामशेष झालेल्या जीवांचा इतिहास लिहिते. पगार त्याचाच घेते.

धाकटा : तर जिवांचं लिही ना! माणसांच्या कायद्यात नाक कशाला खुपसतेस?

ताई : नाक आजोबांनी खुपसलं, माझ्या जन्माच्या आधी. ह्या कपाटांकडे बघ. इथल्या पक्ष्यांना हिरवी पट्टी, बाहेरून आलेल्यांना लाल. ज्या वर्षी ह्या पट्ट्या लागल्या त्याच वर्षी आजोबा तुझ्या कचेरीच्या पहिल्या मंडळावर बसले. तुझ्या टेबलावर माणसांच्या फायली असतात, त्यांच्यावर कुठल्या रंगाची पट्टी असते रे?

धाकटा : ती सोय आहे. फाइल पटकन सापडावी म्हणून.

ताई : आणि प्रश्नांचे दोन संच? त्याचीही सोयच? ज्यांची आडनावं कानाला आपल्यासारखी लागतात त्यांना 'अ' संच. त्यात झेंड्याचे रंग किती आणि रस्ता कुठून ओलांडावा. नदीपलीकडून आलेल्यांना 'ब' संच. त्यात गवती कशानं संपली.

धाकटा : हे तुला कोणी सांगितलं? संच गोपनीय असतात.

ताई : परीक्षा देऊन आलेल्या माणसाला तोंड असतं.

धाकटा : हं. म्हणजे तो. पार्टिशनमागे पक्षी शिवत बसलाय तो, तुझा मास्तर. बरं झालं तूच विषय काढलास. त्याची फाइल माझ्याकडेच आहे.

ताई : माहीत आहे.

धाकटा : एकोणसाठ गुण. साठला पास. एका गुणानं गेला बिचारा.

ताई : 'बिचारा' म्हणू नकोस. तुझ्या तोंडी तो शब्द शिवीसारखा वाटतो.

धाकटा : एक गुण वाढवायचा अधिकार मला आहे. तेवढा एकच अधिकार आहे. तू इथं सही कर, मी तिथं करतो. तुझे मास्तर राहतील, त्यांची सून राहील, नात शाळेत जाईल. नाही केलीस तर फाइल संध्याकाळी हद्दपारीसाठी पुढे जाते. मग मला बोल लावू नकोस.

ताई : लाज नाही वाटत?

धाकटा : वाटते ना. परवापासून वाटतेय, तुझ्यामुळे. आजोबांनी तुला खांद्यावर बसवून ही कपाटं दाखवली. मला कधी नाही बसवलं. तू लाडकी. आणि त्याच माणसाला तू भर सभेत खुनी म्हणालीस.

ताई : खुनी नाही म्हणाले. हावरट म्हणाले. त्यांना कळलं की गवती कमी होतेय, आणि कुणी दुसऱ्यानं न्यायच्या आत आपला खण भरावा म्हणून ते धावत सुटले. संग्रह करणाऱ्या माणसाला हाच रोग असतो. वस्तू संपत आली की तो ती जपत नाही, उचलतो.

धाकटा : पुरावा?

ताई : तुझ्या कोपराशी. चाळीस नंबरचा खण. हातमोजे घाल आणि ओढ.

(लाकडी खण ओढल्याचा आवाज.)

धाकटा : एवढ्या?

ताई : त्रेचाळीस. पाठीवर निजवलेल्या. गळ्याचा लाल रंग अजून गेलेला नाही बघ. पायाला चिठ्ठ्या आहेत, त्या वाच. अक्षर ओळखशील.

धाकटा : आजोबांचं आहे. चैत्र... पुढचीही चैत्र. ही वैशाख. वर्ष एकच.

ताई : एकच उन्हाळा. शेवटच्या चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच लिहिलंय, 'यानंतर चार दिवस हिंडलो, एकही दिसली नाही.' आणि नदीकाठच्या वस्तीतलं पहिलं कुटुंब कधी आलं, तेही त्यांच्याच पुस्तकात आहे. ह्या उन्हाळ्यानंतर दोन वर्षांनी. ज्यांनी गवती मारून खाल्ली म्हणतात, ते यायच्या आधीच ती इथं कापूस भरून निजली होती.

धाकटा : हा खण इतकी वर्षं कोणीच उघडला नाही?

ताई : सोमलाची भीती. आजोबांचा खण. सगळं पुस्तकात आलंय, असं सगळ्यांना वाटलं.

धाकटा : मग तू कसा उघडलास?

ताई : कसर लागली होती.

धाकटा : तू कसर काढतेस? तुला सुईत दोरा ओवता येत नाही. शाळेत माझ्या शर्टाचं बटण तू गोंदानं चिकटवलं होतंस. खण त्यानं उघडला. मास्तरनं. तारखा त्याला दिसल्या, आणि तू त्याचं नाव भाषणात घेतलं नाहीस.

ताई : त्याच्या भल्यासाठी.

धाकटा : बरं केलंस. कारण उद्या तू हा खण समितीपुढे नेलास, की पहिला प्रश्न हाच येणार. ह्या चिठ्ठ्या कोणाच्या हाताखाली होत्या? नदीपलीकडून आलेल्या, परीक्षेत नापास झालेल्या माणसाच्या. शाई जुनी दिसायला काय लागतं? चहाचं पाणी पुरतं.

ताई : तू आत्ताच म्हणालास, अक्षर आजोबांचं आहे!

धाकटा : मी म्हणालो. समिती म्हणेल का? तुला लोक कळत नाहीत, ताई. तुला मेलेले पक्षी कळतात.

मास्तर : बाई, आत येऊ का?

ताई : मास्तर, तुम्ही बाहेर थांबा. आमचं घरातलं चाललंय.

मास्तर : भिंत फळीची आहे, बाई. तुमचं घर माझ्या कानात आहे केव्हाचं. साहेब, तो पक्षी पालथा धरलाय तुम्ही. चोच मोडेल. उताणा धरा, तळहातावर. असा.

धाकटा : तुम्ही बावीस वर्षं इथं आहात?

मास्तर : तेवीस होतील. परीक्षेत विचारलं होतं तुम्ही. बरोबर लिहिलं.

धाकटा : ते बरोबर लिहिलंत. मग गवतीचं उत्तर का चुकवलंत? शाळेच्या पुस्तकात सरळ छापलंय. चौथीची पोरं पाठ म्हणतात.

मास्तर : माझी नातही म्हणते. शाळेतून उड्या मारत गात आली. 'गवती गवती, गळा लाल, गवतामध्ये तिचा महाल. आले कोण गं नदीपार? रिकामं घरटं, बंद दार.' चाल गोड आहे. मग मला विचारते, आजोबा, नदीपार म्हणजे आपणच ना?

धाकटा : मग? काय सांगितलंत?

मास्तर : काही नाही. दूध प्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. प्रश्न आला, गवती कशानं संपली. उत्तर येत होतं मला, साहेब, पुस्तकातलं. हात उठेना. ह्याच हातांनी त्रेचाळीस जणींची कसर काढली होती. एकेकीच्या छातीत छऱ्याचं भोक आहे, पिसाखाली. मी लिहिलं, बंदुकीनं.

धाकटा : दोन गुण गेले तुमचे.

मास्तर : गेले.

धाकटा : आणि ताई, आता एक सांग. चौथीचं ते पान कोणी लिहिलंय?

ताई : विषय बदलू नकोस.

धाकटा : मास्तरांना सांग. त्यांना ठाऊक नसेल. पुस्तकावर मंडळाचं नाव असतं, लिहिणाऱ्याचं नसतं.

ताई : चूप बस.

धाकटा : का? परवा भाषणात आजोबांचं नाव घेतलंस, मंत्र्यांचं घेतलंस, माझ्या कचेरीचं घेतलंस. सगळ्यांची धुणी धुतलीस. हे पान तेवढं कसं राहिलं? मास्तर, ते पान बाईंनी लिहिलंय. गाणंसुद्धा. नोकरी लागली तेव्हा पहिलं काम मिळालं होतं ते. घरभर म्हणत फिरायची, यमक कसं जमलंय म्हणून.

ताई : मी आजोबांच्या पुस्तकावरून लिहिलं. खण दहा पावलांवर होता. उघडला नाही.

मास्तर : गाणं तुमचं आहे?

ताई : हो, मास्तर.

मास्तर : पोरीला फार आवडतं.

ताई : मास्तर, मी—

मास्तर : राहू द्या. साहेब, बाईंना सही करायला लावू नका माझ्यासाठी. माझा एक गुण एवढा महाग नाही. आणि बाई, तुम्हीही माझं नाव झाकून ठेवू नका. मी कसर नाही, फडकं टाकून लपवायला.

धाकटा : भाषणं सगळ्यांनाच येतात इथं. चार वाजत आलेत. ताई, सही करतेस की जाऊ?

ताई : पेन दे.

मास्तर : बाई, नको.

ताई : पेन दे म्हणते ना. आणि तुझा तो कागद.

धाकटा : अगं, तो उलटा केलायस. सही पुढच्या बाजूला करायची.

ताई : मागची बाजू कोरी आहे. पुरेल. 'इयत्ता चौथीच्या पुस्तकातलं गवतीवरचं पान आणि त्याखालचं गाणं मी लिहिलं. मूळ चिठ्ठ्या न तपासता लिहिलं. ते चूक आहे. गवती बंदुकीनं संपली. हे प्रथम लक्षात आणून दिलं ते ह्या संग्रहालयाच्या कारागिरांनी. त्यांनी परीक्षेत लिहिलेलं उत्तर बरोबर आहे.' मास्तर, 'कारागीर' चालेल? की पूर्ण नाव लिहू?

मास्तर : पूर्ण लिहा.

धाकटा : वेडी आहेस का? ह्यानं तुझी नोकरी जाईल. पुस्तक मंडळ तुला दारात उभी करणार नाही. उद्या समितीत पहिला दगड हाच मारतील, की ह्या बाई आधीही चुकल्या होत्या.

ताई : मारू देत. चुकलेच होते. झालं. तारीखही घातली. घे.

धाकटा : हा मी घेणार नाही.

ताई : कुठल्याही अर्जाला जोडायला आणलेला कागद परवाना कचेरीला नाकारता येत नाही. आवक नंबर द्यावाच लागतो. मागच्या दिवाळीत तू बाबांना हा नियम ऐकवून ऐकवून झोपवलं होतंस. बोल, नियम बदलला?

धाकटा : ...नाही.

ताई : मग फाइल उघड आणि लाव.

धाकटा : एका कागदानं काही होत नाही, ताई. फेरतपासणीला जाईल. महिने लागतील. कदाचित तरीही एकोणसाठच राहतील.

मास्तर : तोवर फाइल पुढे जात नाही ना, साहेब?

धाकटा : फेरतपासणीत असली की नाही जात.

मास्तर : मग तोवर ह्यांच्या पायाच्या चिठ्ठ्यांना नवा दोरा लावून घेतो. जुना कुजलाय. उद्या समितीसमोर नेताना सुटायला नकोत.

धाकटा : तुझ्यासाठी करत नाहीये मी हे. नियम आहे म्हणून लावतोय.

ताई : मी कुठं काय म्हटलं?

धाकटा : आणि घरी यायची गरज नाही. इतक्यात तरी.

ताई : नाही येत. पक्षी खाली ठेव.

धाकटा : हो. ...मास्तर, हा कसा ठेवायचा?

मास्तर : सगळ्यांसारखा. उताणा. डोकं भिंतीकडे.

धाकटा : ताई, आई दारातच बसलेली असेल. तिला काय सांगू?

ताई : सांग, सही केली.