बोडीचा तळ

रुखमा : आज किती उतरलं पानी?

खुशाल : चार बोटं. काल काठाशी काडी रोवली होती, ते आज उघडी पडली.

रुखमा : काल बी चारच म्हनले होते तुमी.

खुशाल : रोजचे चार, रुखमा. पोळा झाला तवापासून वरून थेंब नाही, अन् बोडी खालून पानी पिऊन राहिली. बहात्तरच्या दुष्काळात गावचा तलाव आटला, तरी आपल्या घरामागची एवढीशी बोडी दिवाळीवरी पुरली होती. सात वर्षं झाली त्याले. अन् औंदा म्या गाळ काढला त दसऱ्याआधीच तळ दिसते का काय.

रुखमा : हळू बोला. मामाजी ओसरीत जागे हायेत. सकाळपासून एकच लावून धरलं त्याइनं. मले मांगं न्या, बोडी पायची हाय.

खुशाल : मंग सांगाचं न, चिखल हाय म्हनून.

रुखमा : पावसाळाभर तेच सांगतलं. लकवा मारला, भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आनले, तवापासून खाटेवरच हायेत बिचारे. कधी चिखल सांगतला, कधी साप निघाला म्हनलं. आता धूळ उडून राहिली. आता काय सांगू?

खुशाल : काहीबी सांग.

रुखमा : काल सानगडीचे तुलाराम भेटाले आले होते, तवा तुमी वावरात होते. त्याइले मामाजी काय म्हनले मालूम हाय? म्हने, मी दवाखान्यात पडून होतो अन् माह्या खुशालनं सारी बोडी उपसली, कमरेइतका गाळ काढला. मी चुलीजवळ बसून ऐकत होती. मंग मले जेवन गेलं नाही.

खुशाल : त्याइच्यासाठीच केलं होतं वो. वाटलं, बाबा घरी येतीन, पायतीन, म्हनतीन का पोरगं कामाचं निघालं. काळा गाळ सरला तवाच थांबलो असतो त बरं झालं असतं. पन खालची पिवळी माती अशी लोन्यावानी कटून राहिली होती का हात थांबेच ना. मले वाटलं, हे बी जुना गाळच असन. मुरूम लागला तवा बाहीर आलो.

रुखमा : मी तरी कुठं थांबवलं तुमाले? मीच म्हनली, ही पिवळी माती भिंतीले चांगली होते. सारं घर लिपून काढलं तिनं.

खुशाल : तेच माती पानी धरून ठेवत होती, रुखमा. अन् तेच म्या काढून फेकली. आता समजून राहिलं मले.

रुखमा : पाहा, हाक मारली त्याइनं.

गोमाजी : खुशाल. कानात बोळे घातले का रे?

खुशाल : आलो जी, बाबा.

गोमाजी : खाट उचला. तू डोस्क्याकून धर, रुखमा पायाकून धरन. आता माह्यात काही वजन उरलं नाही.

खुशाल : ऊन हाय, बाबा. संध्याकाळी जाऊ.

गोमाजी : उन्हातच जलम गेला माहा. उचल.

खुशाल : बाबा, पानी थोडं कमी हाय औंदा.

गोमाजी : उचल म्हनलं न.

(दोघं खाट उचलून घरामागे नेतात आणि बोडीच्या पाळीवर ठेवतात.)

गोमाजी : थोडं टेकवून बसवा मले. हं. किती दगड उघडे हायेत रे काठाचे? माह्या डोळ्याले पुसट दिसते.

खुशाल : सात.

गोमाजी : ह्या दिवसांत दोन राह्यते.

खुशाल : पाऊस लवकर गेला न, बाबा.

गोमाजी : पाऊस लवकर गेला. बरं. अन् पिवळी माती किती राहू देल्ली खाली?

रुखमा : मामाजी, त्याइले मालूम नव्हतं.

गोमाजी : मी त्याले विचारून राहिलो, बाई.

खुशाल : काहीच नाही, बाबा. सारी काढली. पन तुमाले कोनं सांगतलं?

गोमाजी : कोन सांगते. दवाखान्यातून आनून तुमी मले ओसरीत ठेवलं, पयली नजर भिंतीवर गेली. पिवळी, गुळगुळीत. तशी माती ह्या गावात दुसरीकडं निघत नाही. तवाच समजलं का पोरगं तळ फोडून बसलं.

खुशाल : त्याले तीन महिने झाले. तुमी एक शब्द बोलले नाही.

गोमाजी : बोलून काय करत होतो? पाऊस लागला होता, बोडी भरत होती. वाटलं, धरन एखाद्या वक्ती. कोपऱ्याकापऱ्यात असन राहिली थोडीफार माती. रोज देवाले म्हनत होतो, माहा अंदाज खोटा पडू दे.

रुखमा : अन् आल्या-गेल्याले तुमी याइची तारीफ करत होते.

गोमाजी : मंग काय लोकांत नालस्ती करू पोराची?

खुशाल : मी आजच भिंती खरडतो, बाबा.

गोमाजी : किती निघन? आठ-दहा टोपले. बाकीची कुठं टाकली?

खुशाल : ढोरांच्या कोठ्यात पसरली. उरली ते रस्त्याच्या खड्ड्यात गेली.

गोमाजी : अन् पान्यात टाकून ते बसत नाही. आंधी बोडी कोरडी करा लागते, मंग माती पसरून, ओली करून वरून म्हशी फिरवा लागते. म्हंजे हे उरलंसुरलं पानी बी सोडून द्या लागन.

रुखमा : अन् काळा गाळ त सारा धानाच्या बांधीत टाकला.

गोमाजी : दिसून राहिलं न. पाय कसा धान हाय. पन्नास वर्षांत असा धान म्या ह्या बांधीत पायला नाही. किती हिरवा हाय.

खुशाल : पोटरीत आला हाय. अजून तीन हप्ते पानी पायजे त्याले. बोडीत दहा दिवसांचं हाय.

गोमाजी : दहाचं बी नाही.

खुशाल : मंग सांगा न काय करू. तुमी सांगान ते करतो.

गोमाजी : मले नाही मालूम.

खुशाल : तुमाले नाही त कोनाले मालूम राहीन, बाबा?

गोमाजी : माह्या बापाले होतं. त्यानं हा तळ बसवला, तवा मी जलमलो बी नव्हतो. म्या काय केलं? उन्हाळा आला का काळा गाळ काढला, अन् पिवळी दिसली का फावडं ठेवून देल्लं. मले एवढंच येते. फुटलेला तळ जोडाले कोनं शिकवलंच नाही मले.

रुखमा : पिवळी दिसली का थांबाचं, हे याइले बी कोनं सांगतलं नव्हतं, मामाजी.

खुशाल : रुखमा, राहू दे.

गोमाजी : बोलू दे तिले. खरं बोलून राहिली ते. वीस वर्षं हा टोपलं घेऊन काठावर उभा राह्यला, म्या त्याले खाली उतरू देल्लं नाही. मले वाटे, ह्याच्या हातानं बिघडन. एक दिवस खाली बोलावून दाखवलं असतं, हे पाय, इथं थांबाचं, त काय जात होतं माहं? अंग पडलं माहं, तवा हा उतरला. अन् मी तिकडं भंडाऱ्याले पडून.

खुशाल : असे बोलू नोका, बाबा. शिव्या द्या मले. पयले देत होते तशा द्या.

गोमाजी : शिवीनं काम सुधरे तवा देत होतो. आता हे कायनं सुधरते?

रुखमा : ऊन चढलं, मामाजी. आत नेतो आमी तुमाले.

गोमाजी : तू जाय, बाई. चूल विझली असन. आमी बसतो थोडे.

खुशाल : बरं जी. मी बसतो इथं, खाली.

गोमाजी : खाली नोको. खाटेवर बस.

खुशाल : बसलो. द्या हात.

गोमाजी : हा नोको धरू. ह्याले तू धरलेलं समजत नाही. तिकून ये, तो धर.