शेवटच्या डब्याचा दिवा

मंडळी, एक सांगा — घरच्या माणसाने हाक मारली, तर 'ओ' द्यायला किती वेळ लागतो? टाळी वाजवायला लागतो त्याहून कमी! मग आपण देत का नाही? ऐका.

दौंडला विनायकराव सरोदे राहत. रेल्वेतले निवृत्त गार्ड. नाद एकच — दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रवासी डब्यांच्या छोट्या प्रतिकृती जमवायचा! डबा वीतभर, पण लाकडी बाकं, छपरावर तेलाचे दिवे, सगळं जिथल्या तिथे. हसताय? तुमच्या कपाटात पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्या नाहीत? पाहुणे पितात का कधी त्यांतून?

रोज संध्याकाळी ते काचेच्या कपाटातली गाडी पुसत, शेवटच्या डब्यामागे मुगाएवढा लाल दिवा अडकवत आणि विचारत, "गाडी पूर्ण?" मागचा दिवा दिसला, म्हणजे वाटेत एकही डबा सुटला नाही — गार्डाची सवय! लहानपणी लेक वृंदा ओरडे, "पूर्ण आली!"

चौदाव्या वर्षी ती गाडी पाहून तिच्या मैत्रिणी हसल्या. तीही हसली — "बाबांचा पोरखेळ!" विनायकरावांनी ऐकलं. त्या दिवसापासून प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच!

वर्षं गेली. वृंदा कॉलेजात शिकवू लागली, पुस्तकांत रमली. आणि मग तो गुरुवार. अगदी साधा! जेवणात भेंडीची भाजी, वर "मीठ कमी झालंय गं" एवढंच बोलणं. संध्याकाळी इंदूरहून पार्सल आलं — अकरा वर्षं शोधलेला बायकांचा डबा!

"वृंदा, ये गं! जोडतोय आता."

"आले बाबा. एवढं पान संपवते."

पान संपलं. पण पुस्तकाला पानं पुष्कळ, मंडळी!

"सावकाश ये," ते म्हणाले. "गाडी थांबलीय."

सकाळी चहा गार झाला. विनायकराव उठले नाहीत.

तेराव्यानंतर आत्याने कपाट उघडलं. "वृंदे, मागचा दिवा पडलाय बघ. या बशीत आहे."

पडला? अहो, चाळीस वर्षं जो एकदाही दिवा विसरला नाही, तो माणूस विसरेल? वृंदाने पाहिलं — नवा डबा सगळ्यांत शेवटी जोडलेला. बशीत दिवा. शेजारी चिमटा, पुसून ठेवलेला. तिच्यासाठी!

तुम्ही इथे येता, देवाला हाका मारता, त्याने ओ द्यावी म्हणता. घरी कुणाची ओ राहिलीय, आठवतंय? मान खाली घालू नका. इथून उठाल तेव्हा आधी ती द्या. वृंदाला तेवढी सवड उरली नव्हती.

तिने चिमट्याने दिवा उचलला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा अडकला. आत्या पाहत होती. तरी ती मोठ्याने बोलली —

"पूर्ण आली, बाबा. मी हसले ना, तेव्हाही मला तुमची गाडी आवडत होती."