बापाने बाद केलेला टचडाउन

...नाही, पण मला सांगा, यात श्रीकांतचं काय चुकलं? माणूस भूल देणारा डॉक्टर, वीस वर्षं कॉव्हेंट्रीत लोकांना झोपवतोय, रविवारी स्वतः स्वस्थ झोपायचं सोडून मुलाच्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला चिखलात उभा, तर तिथे एक लाइन जज, म्हणजे कडेच्या रेषेवरचा पंच, आलाच नाही, आणि अख्ख्या मैदानात रूलबुक पाठ असलेला माणूस कोण, तर हाच! दोन्ही कॅप्टन हो म्हणाले, घातली याच्या गळ्यात शिट्टी. सुलक्षणावहिनी म्हणाल्या, "अहो, नको. क्षितिजचं शेवटचं वर्ष, हरले तर सीझन संपला, उगाच तुमच्यावर यायचं." पण ऐकेल तो श्रीकांत कसला!

तुम्हाला सांगतो, या खेळात फसवाफसवीला पूर्ण परवानगी. एकाला बॉल देतोय असं दाखवून दुसऱ्याला द्या, डावीकडे निघून उजवीकडे पळा, लोक टाळ्या वाजवतात! फक्त मैदानाबाहेर चाललोय असं सोंग करून लाइनच्या आत थांबायचं नाही. एवढंच! आणि शेवटच्या मिनिटाला, चार पॉइंटांनी मागे असताना, आमचे क्षितिजराव लंगडत लंगडत थेट बापाकडे, आणि तेही आपल्या मोडक्या मराठीत! "बाबा, पाय दुखते. मी बाहेर जातो." बापाचं काळीज ते... म्हणाला, "जा रे राजा, आईकडे पाणी आहे." इतक्यात खेळ सुरू झाला आणि लाइनच्या आतच थांबलेला हा लंगडा जो सुटला! आजूबाजूला चिटपाखरू नाही, अलगद बॉल झेलला, टचडाउन, सहा पॉइंट! पोराचा तीन वर्षांतला पहिला! वहिनी डबा टाकून नाचतायत!

तेवढ्यात मुख्य रेफरी आला. "डॉक, डिड ही से एनिथिंग टु यू?"

झालं! वाक्य मराठीत, ऐकणारा एकटा श्रीकांत. नुसतं "नो" म्हणायचं होतं हो! पण याची जीभ उचलेना. यात श्रीकांतचं काय चुकलं?

क्षितिज कुजबुजला, "बाबा, शशीकाकांकडे तुम्ही 'निघतो' म्हणता अँड देन दारात एक तास गप्पा! ती चालतो, आणि माझा नाही?"

"दारात उभा राहून मी कुणाचा कॅच घेत नाही!"

"बरोबर बोलतोय तो!" लाइनीपलीकडून वहिनी.

"वॉट आर दे सेइंग?" रेफरीनं विचारलं. आणि या सद्गृहस्थानं, काय सांगू तुम्हाला, सगळं भाषांतर करून सांगितलं! पाय, बाहेर, पाणी, शशीकाका... शशीकाकासुद्धा! मग फाउलचा पिवळा रुमाल टाकला. टचडाउन रद्द, मॅच गेली, सीझन गेला. समोरच्या टीमची पोरं रांगेनं येऊन हात मिळवतायत, "फेअर प्ले, सर," आणि आपला मुलगा हेल्मेट उचलून मान फिरवून चालता झाला... खरंच लंगडत नव्हता तो. आता सांगा, यात श्रीकांतचं काय चुकलं?

वहिनी मात्र तडक त्याच्याकडे आल्या. त्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली. "निर्णय बरोबर आहे हो तुमचा. बस स्टॉप त्या कोपऱ्यावर आहे." आणि मायलेक गेलेसुद्धा!

बसच्या ड्रायव्हरनं चिखलाचे बूट पाहिले, गळ्यातली शिट्टी पाहिली, सहज विचारलं, तुमची टीम जिंकली का?

श्रीकांत तिकीट घेत म्हणाला, "माझी टीम ना? ती गाडीनं पुढे गेली."