पुलावरची सत्तेचाळीस मिनिटं

नाही नाही, बसा हो, लगेच उठू नका — त्या खुर्चीतल्या फायली खाली ठेवा, अशा नको, सुलट्या — हं. काय म्हणत होतात? तुमचा मुलगा पुलावर गाडी उभी करणार नाही. कधीच नाही. का, तर तुम्ही एकतीस वर्षं बस चालवलीत आणि त्याला गाडी शिकवताना पहिला धडा तोच दिलात. ऐकलं मी. तीनदा ऐकलं. पण अहवालात काय आहे? तुकडीप्रमुखाने स्वतःच्या अखत्यारीत ताफा पुलावर थांबवला, त्यामुळे सहा जण गेले, त्यात तो स्वतः. शिक्का आहे त्यावर. मग खोटं कोण बोलतंय, सरकार की बसचा ड्रायव्हर? रागावू नका, मी आपलं विचारतोय. संरक्षण खात्यात सव्वीस वर्षं कायदा सल्लागार होतो, विचारण्यापलीकडे दुसरं केलंय काय मी! आणि बाकीचे पाच बाप तुमच्याशी बोलत नाहीत म्हणता? रस्ता ओलांडून पलीकडे जातात? जाणारच की. त्यांच्या जागी तुम्ही काय केलं असतंत?

मुळात तुम्हाला एक समजलेलं नाही — कुणालाच समजत नाही, मला तरी पूर्ण समजलंय का, कुणास ठाऊक. आपली पोरं पाठवली ती सात देशांच्या फौजेत. वर जनरल परका. मग पोरं कुणाची? आपली. हुकूम कुणाचा? त्याचा. शेजाऱ्याला शिडी द्यावी ना, तसं — कुठली भिंत रंगवायची ते तो ठरवणार, पण शिडी आपली, मोडेल अशा जागी लावायला लागला तर आपण नको म्हणणार. ते नको म्हणायला आपला एक कर्नल जनरलच्या शेजारी बसवलेला असतो. कर्नलला शंका आली की तो राजधानीला फोन करतो. राजधानी म्हणजे कोण? मंत्री? मंत्री सापडतात होय! राजधानी म्हणजे खात्याच्या तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक टेबल, एक फोन आणि — फोन उचलणारा कुणीतरी.

त्या दिवशी फौजेतल्याच दुसऱ्या एका देशाचे नऊ जण नदीपलीकडे एका शाळेत अडकले होते. जनरलने तुमच्या मुलाला सांगितलं, घेऊन ये. निघाला तो, चार गाड्या घेऊन. पुलाच्या मध्यावर पोचला आणि इकडे कर्नलच्या लक्षात आलं — नदी ही आपली हद्द! आपल्या संसदेने घातलेली अट, नदीपलीकडे आपला माणूस राजधानीला विचारल्याशिवाय जाणार नाही. लावला फोन. दुपारचे अडीच, मी नुकता डबा — बरं, मी. मीच होतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे, कुणीतरी असणारच.

मी काय म्हणायला हवं होतं? जा म्हणायला हवं होतं. मला तो अधिकार होता का? सात देशांच्या कराराच्या कलम अकराप्रमाणे होता, त्याला जोडलेल्या आपल्या परिशिष्टाप्रमाणे नव्हता, आणि परिशिष्ट मीच लिहिलेलं. मग परत या म्हणायचं? तेही जमेना, कारण मागे फिरणं हीसुद्धा हालचालच, आणि हालचालीचा हुकूम जनरलचा. पुढे जायला आमची मनाई, मागे यायला त्याची. मी म्हटलं, आहेत तिथेच थांबवा, बघून सांगतो. बघून सांगतो! आणि गेलो परिशिष्ट शोधायला. कपाटाची किल्ली टंकलेखक बाईंकडे, बाई जेवायला. हे ऐकून माणसाला हसू यायला हवं खरं तर — नाही येत? बरं.

बोलला हो तो. तुमचा मुलगा. वायरलेसवर तीनदा बोलला, मी ती टेप ऐकलीय. पहिल्यांदा म्हणाला, इथे थांबता येत नाही, दोनशे मीटर पुढे आडोसा आहे. कर्नल म्हणाला, थांब. मग म्हणाला, बरं, दोनशे मीटर मागे जातो. थांब. तिसऱ्यांदा तुम्हाला मध्ये आणलं त्याने — "साहेब, माझ्या बापाने हे बघितलं तर कानाखाली आवाज काढेल." कर्नल हसला. ते हसूही आहे टेपवर. पंचेचाळीस मिनिटं — नाही, सत्तेचाळीस. समोरच्या टेकडीवर तोफ लावायला शत्रूला वीससुद्धा लागली नसतील. आणि शाळेतले ते नऊ जण? संध्याकाळी आपले आपण चालत निघाले. एकालाही खरचटलं नाही.

असं काय बघताय? अहवाल मीच लिहिला. दुसरं कोण लिहिणार, परिशिष्ट एकट्या मला येत होतं. जनरलचं नाव घातलं असतं तर सहा देश रुसले असते, कर्नलचं घातलं असतं तर आपली फौज. माझं घालायचा विचार केला होता, खरंच, दोन दिवस केला. वाक्य बसेना. तुमच्या मुलाचं घातलं आणि बसलं. तो काही उलट बोलणार नव्हता. आणि त्याच्यामागे कोण, तर एक बस ड्रायव्हर — मला वाटलं, हा कशाला अहवाल वाचतोय.

सही? ह्या कागदावर, की थांबवा म्हणणारा मी होतो? अक्षर सुरेख आहे, सूनबाईंचं का? नाही करणार. पाच बाप तुमच्याकडे बघत नाहीत, ते मला चालतं. ते पाचही जण इथे, ह्या खोलीत आलेले मला चालणार नाहीत. तुम्हाला तर कळलं ना? ते घेऊन जा. बाहेर कुठे बोललात तर म्हातारा भ्रमिष्ट झालाय असं माझी मुलगीच सांगेल, डॉक्टरांचा तसा कागद मी केव्हाच करून ठेवलाय. रडू नका इथे. उठा, ती येईल आता. आणि जिन्यात कुणी विचारलंच, तर सांगा — नळ बघायला आलो होतो.