लाल झालेली ओळ

माझ्या लेकीच्या, पूर्वाच्या हातातलं डब्याचं झाकण खण्णकन फरशीवर पडलं आणि कामतघरच्या दवाखान्यातली शांतता मोडली. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी हसली. तिचे अब्बा मात्र लॅपटॉपच्या पडद्याकडेच बघत होते.

“शाहीन, यादीतली ही ओळ लाल कोणी केली?”

“कोणी नाही, अब्बा. मी नियम लावलाय. तारीख उलटली आणि काम बाकी असलं, की ओळ आपोआप लाल होते.”

“काय लिहिलंय तिच्यात?”

“कापडाच्या कारखान्यातले लूम काढणे. ते निघाल्याशिवाय तिथे गोदामाचं काम सुरू कसं होणार? भंगारवाला आला की तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवता.”

“लूम बंद पडला की तुझी अम्मी त्याला लाल चिंधी बांधायची. स्वतःच्या जुन्या ओढणीची.”

“आठवतंय ना. चिंधी दिसली की मिस्त्री न बोलावता यायचा.”

“हां. आपल्याकडे लाल म्हणजे दुरुस्त करायचा, बेटी.”

“...तारीख पुढे ढकलू? ओळ लगेच पांढरी होईल.”

“आणि लूम?”

शाहीनने लॅपटॉप मिटला.

पूर्वाने माझी ओढणी ओढली. “आई, त्या आजोबांकडे मिस्त्री कधी येणार?”