पांढऱ्याच्या अकरा बाटल्या

—नाही नाही, तुम्हीच वाचा. मला वाचता येतं, साहेब, शाळेत गेलो होतो मी. पण तुमच्या मनुष्यबळ विभागाने छापलेला मजकूर तुमच्याच तोंडून ऐकण्यात जी मजा आहे ती वाचण्यात नाही. हं. 'आपली तीन बलस्थाने नमूद करा.' तीनच? चौथं असलं तर काय करायचं — घरी ठेवून यायचं? पुढे. 'कारकिर्दीतील एका अपयशाचे वर्णन करून त्यातून आपण काय शिकलात ते साठ शब्दांत लिहा.' साठ शब्दांत! माणसाचा डोळा जातो तेव्हा तो महिना-महिना आरशासमोर उभा राहत नाही, आणि तुम्हाला अपयश साठ शब्दांत हवं — शिकणंसुद्धा त्यातच बसवून. किती दिवस झाले तुम्हाला या इस्पितळात? सात महिने. बरं. आणि त्याआधी? बिस्किटांच्या कारखान्यात. तिथे माणसं सांभाळत होतात की बिस्किटं? नाही, विचारलं आपलं. एका मापाची दोन्ही लागतात, म्हणून. बसा. त्या स्टुलावर नको, तिथे साचे वाळताहेत. इकडे, या खुर्चीत.

पहिल्यांदाच आलात ना या खोलीत? कळतं ते. ट्रेमधून तीस-पस्तीस डोळे एकदम आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळते. घाबरू नका, त्यांना काही दिसत नाही — मी बनवलेत, मला माहीत आहे. एकतीस वर्षं हेच करतोय. लोकांना वाटतं नकली डोळा म्हणजे काचेचा गोटा असतो. गोटा नसतो, हे असं पातळ कवच असतं, हातात घेऊन बघा — दोन बोटांनी धरा, बिस्किट नाही ते. आधी खोबणीचा साचा घ्यायचा, मग कवच ओतायचं, मग या चकतीवर बुबुळ रंगवायचं, थरावर थर, प्रत्येक थर वाळू देऊन — आणि मग पांढरं. बुबुळ कोणीही रंगवतो, साहेब. बुबुळ म्हणजे दिखाऊ काम. माणूस ओळखायचा तो पांढऱ्यावरून. ही रांग दिसतेय बाटल्यांची? अकरा आहेत. अकराही पांढऱ्या. सगळ्या माझ्या हातच्या, कुठल्या कंपनीच्या नाहीत. पहिल्यात थेंबभर निळं, शेवटच्यात पिवळं आणि चिमूटभर करडं, आणि मधल्या नऊ कशा उतरत जातात ते तुमच्या वरच्या मजल्यावरच्या एकाही माणसाला सांगता येणार नाही. घ्या, लिहा बलस्थान पहिलं: या गृहस्थांना अकरा प्रकारचं पांढरं कळतं. दुसरं आणि तिसरं रिकामं सोडा. नाही, रिकामं सोडायची पद्धत नाही का तुमच्यात? मग लिहा — वक्तशीर. तुम्हाला तेच आवडतं.

हो, येतो, त्या विषयावरही येतो; तुम्ही कशासाठी आलात ते मला ठाऊक आहे. तीन पत्रं पाठवलीत, तिन्ही या खणात आहेत, पाकिटं फोडलेली आहेत. 'रंगकाम करणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची नेत्रतपासणी.' सर्व कर्मचारी! या खोलीत रंगकाम करणारे आम्ही दोघं. एक नर्सबाई आणि एक मी. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी जाऊन तपासून घेतलं असणार — चांगल्या विद्यार्थिनी आहेत त्या, त्यांना कुठलाही फॉर्म दिसला की हात शिवशिवतात. राहिलो मी. म्हणजे 'सर्व' या शब्दाचा अर्थ मी. सरळ माझं नाव घातलं असतं तर शाई तरी वाचली असती.

नर्सबाई म्हणजे कोण, तेही सांगतो, कारण तुमच्या कागदावर त्या फक्त 'विभागप्रमुख' आहेत. पंधरा वर्षं वॉर्डात इंजेक्शनं दिली बाईंनी, आणि चाळिशी उलटल्यावर एक दिवस या दारात येऊन उभ्या राहिल्या — 'सर, मला शिकवाल?' मी म्हटलं, हात दाखवा. हात थरथरत नव्हता, एवढं एकच बरं होतं त्यांच्यात. बाकी रंगाची जाण शून्य. पहिली दोन वर्षं त्यांनी रंगवलेली बुबुळं म्हणजे उकडलेली अंडी. मी शिकवलं, साहेब. शिरांसाठी लाल रेशमाचा धागा उकलून त्यातला एक केसाएवढा तंतू कसा काढायचा, तो ओल्या थरावर श्वास रोखून कसा सोडायचा — हे पुस्तकात नाही, हे माझ्या बोटांत आहे, आणि माझ्या बोटांतून त्यांच्या बोटांत गेलं. आणि गेल्या महिन्यात काय झालं? तुमच्या वरच्या मजल्याने त्यांना माझ्या डोक्यावर बसवलं. कारण काय दिलं — 'रुग्णांशी संवाद.' संवाद! अहो, पेशंट आला की त्या तासभर गप्पाच मारतात. मुलं किती, झोप लागते का, कामावर कोणी काही बोलतं का. तासभर! ब्रश कोरडा. मी म्हणायचो, बाई, आपल्याला त्यांचा डोळा करायचाय, सोयरीक नाही जुळवायची. तर हसायच्या. अजूनही 'सर'च म्हणतात मला, प्रमुख झाल्यावरही — 'सर, हे कसं वाटतं बघा ना.' एखाद्याने माणसाला खाली उतरवावं आणि वर त्याच्या पायाखाली उशी द्यावी, तसं.

अपयश. हं, साठ शब्द. तुम्हाला शिंप्याची हकीकत हवी आहे, हो ना? वरती सगळ्यांना माहीत आहे ती, आणि सगळ्यांना चुकीची माहीत आहे. बासष्ट वर्षांचा शिंपी, डावा डोळा गेलेला. मी त्याला जो डोळा करून दिला, साहेब, तसा मी आयुष्यात केला नाही. बुबुळात तपकिरीचे सात थर. पांढरं स्वच्छ, ओलसर, सकाळी उमललेलं. मी स्वतः तो त्याच्या खोबणीत बसवला आणि म्हटलं, बघा आरशात. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, भारावला. दहा दिवसांनी त्याची बायको डबी घेऊन आली. 'हे घालतच नाहीत हो,' म्हणे, 'परत पट्टीच बांधतात. म्हणतात, एका बाजूने मी बघतो आणि दुसऱ्या बाजूने माझा मुलगा बघतो.' मी म्हटलं, वहिनी, दोष डाव्या डोळ्यात नाही. उजवा जुना झालाय त्यांचा. हसू नका. बरोबरच होतं ते! त्याच्या उजव्या बुबुळाभोवती म्हातारपणाचं धुरकट कडं आलं होतं, लाल शिरा फुटल्या होत्या, पांढरं म्हणे जुन्या कागदासारखं — हे नर्सबाई म्हणाल्या. मी कशाला ते रंगवायचं? आजार मी रंगवत नाही. वरून तक्रार आली तेव्हा मी हेच लेखी दिलं, सहीसकट.

आणि बाईंनी काय केलं माहीत आहे? त्याच्या दुकानात गेल्या. सुट्टीच्या दिवशी, स्वतःहून. सकाळभर बसून तो सुईत दोरा ओवताना त्याच्याकडे बघत राहिल्या. मग येऊन असा एक डोळा केला — पिवळट, थकलेला, शिरांनी भरलेला, धुरकट कड्यासकट. मी तो हातात घेऊन म्हटलं, बाई, हा तर टाकून द्यायच्या लायकीचा आहे. तो शिंपी तोच घालून फिरतो. वरती पेढे वाटल्यासारखा आनंद झाला सगळ्यांना. याला तुम्ही कौशल्य म्हणता. मी याला माणसाच्या पडझडीची नक्कल म्हणतो. आणि खरं सांगू? मला ते पिवळं एवढं दिसलंही नाही. म्हणजे — एवढं पिवळं नव्हतंच ते. सगळे उगीच म्हणत होते, जुना कागद, जुना कागद. मला तर चांगलं पांढरं दिसत होतं दोन्हीकडे.

काय? नाही, उजेड भरपूर आहे या खिडकीत. याहून चांगला उजेड आख्ख्या इमारतीत नाही. मोतीबिंदू वगैरे मला काही नाही. तुम्ही म्हणालात ना मोतीबिंदू? नाही म्हणालात? मग कोण — असो. हल्ली सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द असतो. बाईंनी एक दिवस दोन कवचं माझ्यापुढे ठेवली, म्हणाल्या, 'सर, यातलं पिवळसर कोणतं घेऊ?' मला शिकवलेलं मलाच विचारतात! मी म्हटलं, डावं, हे काय विचारणं झालं? त्या दोन्ही उचलून घेऊन गेल्या. म्हणजे बरोबरच होतं. चूक असतं तर बोलल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर माझ्या बाटल्यांवर लेबलं! अकराही बाटल्यांवर, एवढ्या मोठ्या अक्षरांत, बालवाडीतल्यासारखी — 'निळसर', 'हस्तिदंती', 'पिवळट'. माझ्या बाटल्या! एकतीस वर्षं जागेवरून ओळखतो मी त्या. बाई म्हणतात, 'माझ्यासाठी चिकटवली सर, मला लक्षात राहत नाही.' त्यांना लक्षात राहत नाही! सगळ्या पेशंटांच्या सगळ्या पोरांची नावं त्यांना पाठ आहेत. मी लेबलं भिंतीकडे फिरवून ठेवली. ती बघा, अजून तशीच आहेत. आणि या गोष्टी त्यांनी वर सांगितल्या नाहीत ना? तुम्हाला? कवचांचं? नाही? मग — मग मीच सांगितलं म्हणा आत्ता. राहू द्या. लिहू नका ते.

तपासणीला मी घाबरतो असं समजू नका. पुढचं सगळं पाठ आहे मला: आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं, मग विश्रांती, आणि दोन महिन्यांनी परत यावं तर या खिडकीशी दुसऱ्याची खुर्ची. 'सर, तुम्ही जरा आतल्या टेबलावर बसा ना, साचे तेवढे बघा.' साचे! साचे तर—

काय गं मावशी? आली का मुलगी? बसव तिला बाहेर दोन मिनिटं. थांबा साहेब, उठू नका, आता बघाच बलस्थान म्हणजे काय ते. तेवीस वर्षांची मुलगी, सोमवारी पहिल्या नोकरीवर रुजू होणार आहे, बँकेत, काउंटरवर — दिवसभर लोक समोरून तोंडाकडे बघणार. साचा मागच्या आठवड्यात झाला, कवच तयार आहे, आज पांढरं. हे काम बाईंना झेपणारं नाही. म्हातारपण कोणीही रंगवेल, तारुण्य रंगवायला हात लागतो. या वयाचं पांढरं अगदी किंचित निळ्याकडे झुकतं. पहिली बाटली नाही, ती लहान मुलांची. दुसरी. किंवा तिसरी — ही दुसरी. नाही, मावशीने पुसताना हलवल्यात की काय? थांबा. दोन्ही थेंब या काचेवर घेतो. हा एक. हा दुसरा. बघा, फरक — फरक अगदी सूक्ष्म आहे, तुमच्यासारख्याला दिसायचा नाही. बघा बरं. लेबल नका वाचू! काचेवर बघा. निळसर कुठला?

इतक्या चटकन?

परत बघा. मी काच फिरवतो. आता?

हं.

नीट सांगा, थट्टा करत नाही ना तुम्ही? एक निळसर आणि दुसरा चक्क पिवळा? चक्क?

मावशी! अगं मावशी, त्या मुलीला माझ्याकडे नको पाठवूस. नर्सबाईंच्या टेबलाशी ने. सांग, सरांनी पाठवलंय. नाही, दुसरं काही सांगू नकोस, एवढंच. आणि हे कवचही ने तिच्याबरोबर — सांभाळून, दोन्ही हातांनी धर.

तुम्ही अजून बसलात? उठा. फॉर्म राहू दे तिथे, वाटल्यास खणातलं ते तपासणीचं पत्रही काढून ठेवा त्यावर. पेन कशाला काढताय? काही लिहायचं नाही. जा म्हटलं ना, साहेब. दार ओढून घ्या.